छतातल्या दोन कड्या

दिवाणखान्याच्या छतातल्या दोन रिकाम्या कड्यांकडे आज पुन्हा लक्ष गेले. घर घेतानाच झोपाळ्यासाठी त्या बसवून घेतल्या होत्या. पुढे माझ्या दुकानात उरलेले पैसे घराच्या कर्जात आणि घरात वाचलेले दुकानाच्या मालात जात राहिले. "बाबा, झोपाळा कधी?" असे लेक विचारी, आणि "कर्ज फिटलं की लगेच," असे मी म्हणे. घर लवकर आपले व्हावे, ही घाई खरी होती. तिच्या वाढण्यालाही घाई असेल, हे मनात आले नव्हते.

काल कर्ज मुदतीआधीच फिटले. परगावी नांदणाऱ्या लेकीला संकोचत फोनवर विचारले, "आता आणू का गं?"

ती हसली. "आण की, बाबा! आता माझे पाय जमिनीला टेकतात, झोका द्यायलाही कुणी नको."

मला तर झोकाच द्यायचा होता.