मर्व्हच्या शेडमधला मार्च

आमच्या पोर्ट ट्रेवनमध्ये कुणाची मोटरसायकल चांगली यावरून भांडण होत नाही, कारण सगळ्यांच्याच गाड्या खटारा आहेत. भांडण होतं ते गाण्यांवरून. आमच्या मोटरसायकल क्लबचा अध्यक्ष डेस पोलार्ड याने हँडलला दोन स्पीकर बांधलेत आणि त्यातून ढणढण गिटार वाजवत तो गावभर हिंडतो. तो येतोय हे आधी कुत्र्यांना कळतं, मग मला. मी स्वतः हेल्मेटच्या आत चर्चची गाणी म्हणते. काच खाली असली की माझा आवाज मला बरा वाटतो आणि बाकीच्यांची सुटका होते.

मर्व्ह ट्रेझाईजचं म्हणणं मात्र असं, की गाडी चालवताना गाणं ऐकणं म्हणजे स्वतःच्या ताटात जेवताना शेजारच्याच्या ताटात डोकावणं. गाणं ऐकायचं ते गाडी दुरुस्त करताना. आणि तेही एकच.

मर्व्ह गावातला एकुलता एक मेकॅनिक. जुन्या रेल्वेयार्डामागे त्याची पत्र्याची शेड आहे. तिथे त्याच्याइतकाच कळकट टेपरेकॉर्डर आहे आणि त्यात गावच्या ब्रास बँडची कॅसेट. सभागृहाचं छप्पर गळत होतं तेव्हा मदतनिधीसाठी बँडने ती काढली होती. छप्पर अजून गळतं. त्या कॅसेटवर एक मार्च, म्हणजे कवायतीच्या तालातली धून आहे, आणि मर्व्ह गावातल्या प्रत्येक गाडीचं इंजिन त्या मार्चवर लावतो. ढोलाच्या एका ठोक्याला उभ्या गाडीच्या इंजिनाने चार वेळा धडधडायचं. जास्त धडधडलं तर पेट्रोल फुकट जळतंय, कमी धडधडलं तर गाडीला झोप येतेय. मार्च वाजत असताना मर्व्ह कार्बोरेटरच्या स्क्रूवर वाकलेला असतो आणि शेडमध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. डेस एकदा शिंकला, तर मर्व्हने त्याला यार्डात उभं केलं.

त्या मार्चमध्ये मधोमध कॉर्नेट एकटा वाजतो. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ. तो वाजवणारी नोला, मर्व्हची बायको.

नोला शेडमध्ये कधी जात नाही, तेलाच्या वासाने तिचं डोकं उठतं. मर्व्ह तिच्या मैफिलीला कधी जात नाही. महिन्यातून एकदा रविवारी धक्क्यावरच्या हिरवळीवर बँड वाजतो आणि नेमक्या त्याच वेळी मर्व्हला कुणाची तरी गाडी तपासायची असते. सोमवारी नोला माझ्या बेकरीत पेस्टी, म्हणजे खिमा भरलेली भाजकी करंजी, घ्यायला येते आणि काउंटरवर कोपर टेकते.

“विल्मा, एकदा तरी? इतक्या वर्षांत एकदा तरी येऊन बसावं माणसाने!”

“पुरुष तसेच,” मी म्हणते आणि तिला जास्त भाजलेली पेस्टी देते, तिला आवडते म्हणून. कॅसेटचं तिला ठाऊक असणार, तरी तक्रार करतेय, असं मी धरून चालले होते. बायका करतात, मीही करते.

डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, आमची खेळण्यांची रॅली निघते. पाठीमागे बाहुल्या आणि अस्वलं बांधून सगळ्या मोटरसायकली इस्पितळातल्या मुलांकडे जातात. त्याआधी मर्व्ह सगळ्यांच्या गाड्या लावून देतो. यंदाही दिल्या. आणि माझ्या बेकरीसमोरच्या चौकात गाड्या बंद पडायला लागल्या. खाटकाची पडली, पाद्रीबाबांची पडली, डेसची तर चौकाच्या मधोमध पडली आणि त्याची गिटार तेवढी वाजत राहिली. थांबा, की इंजिनाने डुलकी घेतलीच. आधी आम्ही पेट्रोलला शिव्या घातल्या, मग नगरपालिकेला.

शेवटी डेस शेडमध्ये गेला आणि हसत म्हणाला, “मर्व्ह, लेका, कान तपासून घे!”

डेस थट्टेत बोलला, पण मर्व्हचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी शेडच्या दारावर पुठ्ठा लटकत होता : रॅलीनंतर शेड कायमची बंद.

मी पेस्टी घेऊन गेले. त्याने खाल्ली नाही.

“कान गेले की पान्याला हात लावू नये, विल्मा,” तो म्हणाला. “उद्या कुणी पडलं तर?”

“मग तू करणार काय दिवसभर?”

“ते कळत नाही बघ,” तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं. शेडशिवाय हा माणूस म्हणजे नुसता घरात अडगळ होऊन बसणार.

रॅलीच्या आदल्या दिवशी दुपारी मी नोलाला सगळं सांगितलं. तिला शेड बंद होणार हेसुद्धा माहीत नव्हतं. “मला कोण सांगणार? जेवायला काय हवं तेसुद्धा सांगत नाही तो,” ती म्हणाली आणि ॲप्रन सोडून माझ्या गाडीवर मागे बसली. शेडपर्यंत जाताना माझी गाडी दोनदा बंद पडली.

मर्व्ह पाठमोरा होता, डेसच्या गाडीवर वाकलेला. डेस भिंतीला टेकून गप्प उभा होता. मार्च चालू होता. नोलाने नाकाला रुमाल लावला, मग काढला.

“हे कोण वाजवतंय असं? प्रेतयात्रेला निघाल्यासारखं?”

मी तिची बाही ओढली, तोंडावर बोट ठेवलं. ती कसली ऐकते! सरळ टेपरेकॉर्डरपाशी गेली. “आणि सूर तर बघा, केवढा उतरलाय!” तेवढ्यात एकटा कॉर्नेट सुरू झाला आणि नोला टेपरेकॉर्डरवर वाकली. सूर वर चढला, आणि मध्येच कुणीतरी घाईत श्वास घेतला.

“इथे माझा श्वास संपला होता,” ती हळूच म्हणाली. “ही मी आहे.”

चोरी पकडल्यासारखा मर्व्ह स्क्रू ड्रायव्हर हातात धरून उभा राहिला.

“हे तू इथे लावतोस?”

“गाडीला लागतं.”

“रोज?”

“गाड्या रोज येतात.”

नोलाने पुन्हा कान दिला. “मर्व्ह, कॅसेट हळू चाललीये.”

“कॅसेट बरोबर आहे. माझेच कान...”

“तुझ्या कानांचं राहू दे. इतकं रडतखडत मी जन्मात वाजवलेलं नाही!”

मर्व्हने टेपरेकॉर्डर उघडला. पत्र्याखालच्या उन्हाने आतला रबरी पट्टा पार सैल पडला होता. कान जागेवरच होते. उलट इतके पक्के होते, की कॅसेट जसजशी मंदावली तसतसं त्याने अख्खं गाव तिच्यामागे मंदावत नेलं, ठोका न चुकवता.

“इंजिनाचे फेरे मोजणारं मीटर लाव ना आता,” डेस म्हणाला. मर्व्हने त्याच्याकडे असं पाहिलं, की डेस स्वतःहून यार्डात जायला निघाला.

“थांब, डेस,” नोला म्हणाली. “विल्मा, घरून माझा कॉर्नेट आण.”

संध्याकाळपर्यंत शेडसमोर गाड्यांची रांग लागली होती, बाहुल्या-अस्वलांसकट. दारावरचा पुठ्ठा मर्व्हने ओढून काढला आणि तेलाच्या पिंपावर घातला, नोलाचा स्कर्ट खराब होऊ नये म्हणून. ती त्यावर बसून मार्च वाजवत होती, डेस पत्र्याच्या डब्यावर ठोका धरत होता आणि मर्व्ह एकेका गाडीवर वाकत होता. कुणी तोंड उघडलं नाही. पाद्रीबाबांनी खोकला दाबून धरला.

शेवटची गाडी बाहेर गेली तेव्हा नोलाचे ओठ सुजले होते. तिने कॉर्नेट मांडीवर ठेवला.

“खरं सांग. मैफिलीला का येत नाहीस?”

मर्व्ह चिंधीने हात पुसत राहिला. आधीच पुसलेले हात त्याने पुन्हा पुसले.

“तिथे सगळे असतात,” तो म्हणाला. “तू एकटी वाजवायला लागलीस की मला रडू येतं. दरवेळी. इथे निदान खाली वाकता येतं.”

डेस छपराकडे बघायला लागला. नोला मात्र ताडकन उठली.

“मग रड की! माझं ऐकून कुणीतरी एकदा रडावं, म्हणून तर इतकी वर्षं फुंकतेय मी, गाढवा!”