साधी गाठ

नाक-कान-घशाच्या ओपीडीत वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. लोकांना वाटतं, नाकात शेंगदाणा घातलेली पोरं एवढंच आमचं भांडवल. नव्वदच्या दशकात मी वर्ध्याला निवासी डॉक्टर होतो. तिथले माझे किस्से बहुतेक बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघण्याचेच आहेत.

*

हिंगणघाटचे एक किराणा व्यापारी. दोन्ही नाकपुड्यांत द्राक्षाच्या घडासारखे पॉलिप. मुलानं मला जिन्यात गाठलं, "कॅन्सर निघाला त बाबाले सांगू नका." आत बाबांनी हात धरला, "काही निघालं त पोराले सांगू नका."

रिपोर्ट चांगला आला. आता कुणाला आधी सांगावं, हेच मला कळेना!

*

वडनेरच्या शांताबाईंची एकच नाकपुडी बंद. रिपोर्टमध्ये पॅपिलोमा. मी समजावलं, "साधी गाठ आहे. पण हाड पोखरते, काढली तरी पुन्हा उगवते, आणि कुणाकुणात तिच्याच पोटात कॅन्सर सापडतो."

बाईंनी लगेच विचारलं, "मंग साधी काऊन म्हनता तिले?"

शेजारी बसून ऐकणाऱ्या आमच्या विभागप्रमुख सरांनी 'साधी' हा शब्द त्या दिवसापासून सोडला.

*

केळझरचा कॉलेजातला मुलगा. नाकातून सारखं रक्त. आत गुलाबी गाठ दिसली, तसा माझ्यासोबतच्या निवासी डॉक्टरनं तुकडा घ्यायला चिमटा उचलला. सरांनी त्याचं मनगट धरलं. "ठेव खाली."

त्या वयातली ही गाठ कॅन्सरची नसते, नुसत्या रक्तवाहिन्यांची असते. तुकडा घेतला की रक्त थांबवता थांबत नाही.

"काय झालं सर?" मुलानं विचारलं.

"काही झालं नाही," सर म्हणाले. त्या डॉक्टरचं मनगट मात्र त्यांनी बराच वेळ सोडलं नाही.

*

बोरगाव मेघेचे एक गुरुजी. गाठीनं मधला पडदा ढकलून दोन्ही नाकपुड्या बंद केलेल्या. वास तर कधीचाच गेलेला. ऑपरेशन झालं. आठवड्यानं रिपोर्ट आला: सगळी गाठ साधी, एका कोपऱ्यात कॅन्सर.

सरांनी गुरुजींना एकट्यालाच आत घेऊन सांगितलं. नागपूरला रेडिएशनचा शेक घ्यावा लागेल, म्हणाले. गुरुजींनी नीट ऐकून घेतलं, "जयभीम सर" म्हणून उठले. बाहेर गुरुजींच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना सांगायचं म्हणून मी दोघांसोबत निघालो.

कँटीनजवळ गुरुजी थबकले.

"मिरचीचे भजे तळून राह्यले वाटते."

बाईंनी माझा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते. "डॉक्टर, यायले वास येऊन राह्यला!"

मी गुरुजींकडे पाहिलं.

"दोन प्लेट सांगा, डॉक्टर," ते म्हणाले. "बाकीचं, खाल्ल्यावर."