जनरलचं पान

आमच्या घरी म्हाळाला पितरांबरोबर एका इंग्रज जनरललाही वाढतात. हसू नका, खरंच वाढतात. बाबांचे आजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकात होते. कुणा साहेबाच्या हुकमावर अख्खी तुकडी उघड्यावर मशीनगनसमोर चालत गेली म्हणे, आणि ते परत आले नाहीत. तेव्हापासून पणजी दाराबाहेर एक वेगळं पान मांडायची, त्यावर करपलेला वडा. घरातल्या सगळ्यात धाकट्यानं ओरडायचं, "घे रे गाढवा, माणसं खाऊन पोट भरलं नसेल तर!" त्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. हे पान चुकवणार नाही, असं वचन तिनं मरताना बाबांकडून घेतलं होतं.

यंदा बाबा नायमेखन या डच शहरात आमच्याकडे आले ते ऐन पितृपक्षात. पानं बाल्कनीत मांडली. इथल्या कावळ्यांना तळलेले बटाटे खायची सवय, वड्याकडे ते संशयानं बघत बसले.

"ओरड गं ठकूबाई," बाबा माझ्या लेकीला म्हणाले. लेक पंधराची, आणि जिभेला हाड नाही.

"नाही ओरडणार, आजोबा. ते खोटं आहे."

मग तिनं अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत शाळेतलं सगळं ऐकवलं. जनरल गाढव आणि शिपाई गरीब कोकरं, ही जुनी समजूत. लढाईच नव्या तऱ्हेची होती, उत्तर कुणाकडेच नव्हतं. जनरल चुकत चुकत शिकले, काही स्वतःही आघाडीवर मेले. शिपायांनाही आपलं काम चोख येत होतं.

माझं डोकंच फिरलं. हा देश त्या युद्धात उतरलासुद्धा नव्हता! परीक्षेला न बसलेल्यानं पेपर तपासायचे, आणि वर माझ्या बापाला उपाशी ठेवायचं? बाबांनी साखरेची गोळी घेऊन बराच वेळ झाला होता.

"मुकाट्यानं ओरड!" मी म्हणाले.

"थांब, बोलू दे तिला." बाबा तिच्याकडे वळले. "आमचे आजोबा वाघ नव्हते, हे कबूल. विंचू दिसला की खाटेवर चढायचे, आजीच सांगायची. पण कोकरूही नव्हते, शिपाई म्हणून पक्के होते, तुझं बरोबर आहे. आणि जनरलला कळत होतं म्हणतेस?"

"सगळं नाही. पण मूर्ख नव्हते ते. किती माणसं जातील याचा अंदाज असायचा त्यांना."

वडे गार होत होते.

"बाबा, जेवून घ्या हो," मी म्हणाले. "पोर आहे ती, काहीही बोलते."

"मी लहानपणी आजीला विचारलं होतं," ते म्हणाले, "नवरा मारला त्यानं, तरी त्याला वाढतेस कशाला? म्हणाली, अरे, त्याला कळलंच नसेल. न कळणाऱ्याला उपाशी ठेवू नये." त्यांनी बाल्कनीतल्या पानाकडे बोट केलं. "जन्मभर तिनं त्याला एवढी सूट दिली."

मला रडूच फुटलं. लेक घाबरून म्हणाली, "आजोबा, मी ओरडते. आत्ता ओरडते."

"नको बाळा."

गुडघ्यावर हात टेकत ते उठले, बाल्कनीत गेले आणि जनरलचं पान त्यांनी स्वतः उचललं.

"कळत होतं ना त्याला? मग त्याला आमच्या घरचं अन्न नाही."