कागदाआडचा रस्ता

“ताई, आज दोन कागद.”

क्लासच्या दारात चपला काढताना ते एवढंच सांगायचे. मग पिशवीतून ट्रेसिंग पेपरचे दोन चौकोनी तुकडे काढायचे, चष्म्यावर धरायचे आणि खुर्ची मागं सरकवून कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत बसायचे. नवख्या माणसाला वाटावं, हे ग्रहण बघताहेत.

दोन कागद म्हणजे नजर जात चाललेल्या त्यांच्या बायकोला त्या आठवड्यात जेवढं दिसत होतं तेवढं. घरी तिला कॅलेंडरसमोर उभं करायचं, कुठल्या तारखा वाचता येतात ते विचारायचं, मग आपण त्याच जागी उभं राहून डोळ्यांवर एकेक कागद चढवायचा आणि तेवढ्याच तारखा उरल्या की थांबायचं. मिरजेच्या डॉक्टरांकडं डोळे तपासायचं यंत्र होतं. यांचा विश्वास मात्र कागदावर.

त्याला कारणही होतं. ते पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. इंजिनियरनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेघ शाईनं वर गिरवायची, हे त्यांचं काम. स्वतःची म्हणून एक रेघ मारायची नाही. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे कालवे आणि रस्ते गिरवले होते. नव्वदीच्या मधल्या वर्षांत खात्यात कॉम्प्युटर येणार अशी कुणकुण लागली आणि ते माझ्या क्लासात दाखल झाले. सांगलीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर माझा क्लास होता. चार कॉम्प्युटर, त्यातल्या एकालाच रंगीत पडदा. सगळे त्यांना ट्रेसर म्हणायचे, मी भाऊ म्हणायचे.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी रंगीत पडद्याचं मशीन ऑफिसच्या आधीचे दोन तास आणि रविवारी मागितलं. मी कशाला आणि किती दिवस, असे दोन प्रश्न विचारले. मला कामाची यादी केल्याशिवाय होय म्हणता येत नाही.

“फिल्म करायचीय,” ते म्हणाले. “दीड मिंटाची.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्न पाटणला, बायकोच्या माहेरी झालं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली आणि दुपारच्या यष्टीनं नवराबायको कवठे महांकाळला, त्यांच्या गावी निघाली. टपावर सासऱ्यांनी दिलेली नवी सायकल. “ही खिडकीत बसली हुती. डोस्क्यावर पदर, डोळ्यात पाणी. सबंध रस्त्यानं हिनं कायबी बघितलं न्हाई. मी मातुर समदं बघितलं. आता डाक्टर म्हनत्यात, दिसंल अजून वरीसभर. तवर तेवढा रस्ता तिला दाखवायचा.”

मी व्यवहारी बाई. म्हटलं, “मग घेऊन जा की. दोन तिकिटं काढली की झालं.”

“नेली हुती. रस्ता रुंद केलाय, झाडं तोडल्यात. तो रस्ता आता माज्या डोक्यातच हाय, ताई. आन डोक्यावर ट्रेसिंग पेपर ठेवता येत न्हाई.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी अवघड गोष्ट सांगताना स्वतःलाच हसतात. त्यांच्या हसण्यानं मी हो म्हटलं.

मुंबईहून कुणीतरी फ्लॉप्यांवर उतरवून आणलेलं चित्रं हलवायचं सॉफ्टवेअर माझ्याकडं पडून होतं. ते मलाही धड येत नव्हतं. पहिला आठवडाभर ते कोऱ्या पडद्यासमोर नुसते बसले. गिरवायला खाली काहीच नव्हतं. मग एक दिवस त्यांनी ऑफिसातल्या रद्दीतले रस्त्यांचे जुने नकाशे आणले, त्यांची मापं घातली, आणि पडद्यावर पाटणहून एक रस्ता निघाला. त्यात रस्त्याखालची प्रत्येक मोरी जागच्या जागी. मी विचारलं, मोऱ्या कोण मोजणार आहे? “मी मोजतो की,” म्हणाले.

मी भिंतीवर यादी लावली. झाडं, मोऱ्या, कोयनेत डुंबणाऱ्या म्हशी, कराडचा पूल, उसाच्या गाड्या, टपावरची सायकल आणि रस्त्याकडेच्या डबक्यातलं तिचं प्रतिबिंब. सगळं एकंदर एकोणीस बाबींचं काम. सेकंदाला पंधरा चित्रं, आणि एकेक चित्र रंगवायला मशीन दहा-बारा मिनिटं घ्यायचं. खालची गिरणी सुरू झाली की दिवे मंद व्हायचे आणि मशीन अर्धं चित्र टाकून बंद पडायचं. मग ते जिना उतरून गिरणीवाल्याला हात जोडायचे.

गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला असायचा. “काय ट्रेसर, वहिनींची यष्टी कुटवर आली?”

हे थाप मारून यष्टी पुढं ढकलत नसत. ते खरं तेच सांगायचे. “मल्हारपेठच्या अलीकडं हाय.”

“आरं गड्या, एवढ्यात माजं दळण चालत कराडला पोचलं आसतं.”

पण गिरणी पंधरा मिनिटं थांबायची.

आता त्यांची चूक सांगते. ती दुसऱ्या कुणी केली नसती. ट्रेसर कागदाच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करतो आणि शाई लावत लावत उजवीकडं जातो. मागं काही अर्धवट ठेवत नाही. भाऊंनी फिल्म तशीच केली. पाटणपासून एकेक किलोमीटर, पानापानासकट पुरा करायचा, मग पुढचा. मी म्हटलं, आधी सगळा रस्ता कच्चा करू, मग त्यात भर घालू. ते म्हणाले, अर्धी रेघ सोडायची सवय नाही.

दिवाळीत यष्टी कराडच्या पुलावर आली. तेव्हा एकच कागद होता. खरं सांगते, तो तुकडा बघताना मी यादी विसरले. झाडांची सावली यष्टीच्या काचेवरून सरकायची, कोयनेत म्हशी, डबक्यात टपावरची सायकल उलटी दिसायची आणि तिचं हँडल चमकायचं.

“वहिनींना आणा उद्या,” मी म्हटलं. “इथपर्यंतचं दाखवा.”

“काम पुरं झाल्याबिगर ट्रेसिंग सायबापुढं जात न्हाई, ताई.”

पुढच्या आठवड्यात मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं. क्लासच्या परीक्षा होत्या.

संक्रांतीच्या सुमाराला ते आले आणि म्हणाले, “ताई, आज दोन कागद.” कागद डोळ्यांवर धरून त्यांनी कराडपर्यंतचं सगळं पाहिलं. पानं, मोऱ्या, डबकं, काहीच दिसत नव्हतं. नुसता चिखल कालवल्यासारखा दिसत होता. त्या दिवशी त्यांनी मोऱ्या काढून टाकल्या आणि झाडांचे ठोकळे केले. मी पहिल्या यादीवर काट मारायला पेन्सिल घेतली, तर म्हणाले, “खोडू नका. काढलेल्याची येगळी यादी करा. परत घालायच्यात.”

म्हणून भिंतीवर दुसरी यादी आली. तीन कागद झाले तेव्हा म्हशी गेल्या, मग उसाच्या गाड्या, मग पूल. सायकल त्यांनी शेवटपर्यंत ठेवली होती. आधी मोठी केली, मग पांढरी केली. चौथा कागद आला त्या दिवशी ती क्रमांक सतरा म्हणून मी लिहून घेतली.

जितकं कमी करावं तितकं मशीन भरभर चालायचं. बारा मिनिटांचं चित्र आता मिनिटाच्या आत होऊ लागलं. जी यष्टी चार महिन्यांत कराडला आली ती आठ दिवसांत कवठे महांकाळला पोचली. गिरणीवाल्यानं विचारायचं सोडलं होतं. काम इतक्या लवकर उरकताना पाहून मला कधी एवढं वाईट वाटलेलं नाही.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी ते वहिनींना घेऊन आले. कुणी न सांगता गिरणी बंद होती. वहिनींचा एक हात कठड्याला, एक त्यांच्या खांद्यावर. डोक्यावर पदर. मी खिडक्या लावल्या. वहिनींना पडद्यापासून वीतभर अंतरावर बसवलं आणि भाऊंनी बटण दाबलं.

काळा रस्ता, मधे पांढरा पट्टा. दोन्ही बाजूंना हिरवं, मग पिवळं, मग तपकिरी. एवढंच उरलं होतं. पट्टा सरकू लागला.

थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, “कोयनंत म्हशी डुंबत्यात, न्हवं?”

मी भिंतीकडं पाहिलं. म्हशी दुसऱ्या यादीत होत्या.

“व्हय,” भाऊ म्हणाले.

“आन टपावर सायकल. हांडेल कसं चमाकतंय.”

“चमाकतंय की.”

भाऊंनी घरी रोज जेवताना जे सांगितलं होतं ते वहिनींना पाठ होतं. दीड मिनिट संपलं, पडदा काळा झाला. वहिनी तशाच बघत राहिल्या. मी पुन्हा लावायला हात पुढं केला, तर भाऊंनी तळहात आडवा धरून मला थांबवलं.

“मिरज आली का ओ?” वहिनींनी विचारलं.

“गेली. कवठ्याच्या रस्त्याला लागलो.”

“हितं झाडं न्हाईत.”

“न्हाईत. हितनं फुडं न्हाईत.”

काळ्या पडद्यासमोर ती दोघं कवठे महांकाळला पोचली. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “समदं दिसलं बगा. लय झ्याक केलंय.” भाऊ माझ्याकडं न बघता उठले आणि त्यांना जिन्याकडं घेऊन गेले. प्रत्येक पायरीला ते आकडा सांगत होते.

ते परत आले नाहीत. फ्लॉप्यांचा डबा, कागदांची पिशवी माझ्याकडंच राहिली. मी दोनदा निरोप धाडला. खात्यात कॉम्प्युटर आले, ट्रेसरचं टेबल गेलं. त्यांना आवक-जावकला बसवलं असं कळलं. पुढं नोकरी सोडून ते गावी गेले. दुसरी यादी मी काढून कपाटात ठेवली. एकोणीसपैकी सतरा बाबी त्यात आहेत, आणि परत घातलेली एकही नाही.

दोन वर्षांनी मिरजेच्या स्टँडवर कवठे महांकाळच्या गाडीत ते दिसले. खिडकीशी ते, कडेला वहिनी. मी खिडकीखाली जाऊन हाक मारली, मी क्लासवाली म्हणून सांगितलं. वहिनी आवाजाच्या अंदाजानं हसल्या. “ह्यास्नीच म्हनलं, खिडकीत तुमी बसा. मला काय करायचीया खिडकी?”

मी सवयीनं विचारलं, “भाऊ, आज किती कागद?”

“मोजायचं सोडलं, ताई.”

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी मागं आली, वळली, त्यांची खिडकी पुन्हा माझ्यासमोरून गेली. मी हात केला. ते बघताहेत असं वाटलं, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. गाडी स्टँडाबाहेर पडून रस्त्याला लागली तरी त्यांनी ते उघडले नव्हते.