चाकमामांचा अंगठा

चाकमामांचा कुणावरच विश्वास नव्हता. निरगुडसरहून मंचरला जायचं तर एसटीत चढण्याआधी ते बसभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालत, प्रत्येक चाकापाशी उकिडवे बसत आणि टायरच्या खाचेतून अंगठा फिरवत. आतली माणसं उसासे टाकत. ड्रायव्हर खिडकीतून म्हणे, "मामा, बसा राव, डेपोत बघून आणलीय गाडी." मामांचं उत्तर ठरलेलं. "बघितली आसंल. कुणी बघितली त्ये सांग." ते नाव ड्रायव्हरला कधी सांगता आलं नाही. मी सोबत असले की मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. घराणं मेंढपाळांचं, त्यामुळे त्यांचं लहानपण कळपामागे गेलं. मेंढीच्या पाठीवरून अंगठा फिरवला की तिच्या अंगात किती मांस आहे ते कळतं, हे त्यांना पाटीवरच्या अक्षरांआधी आलं. पुढे ओळखीतल्या कुणीतरी त्यांना मुंबईच्या विमानतळावर चिकटवलं. तिथे त्यांचं काम एकच. विमान उतरलं की चाकं तपासायची आणि फॉर्मवर सही करायची. गावाने म्हणून त्यांना चाकमामा केलं. अंगठा मात्र कळपातलाच राहिला. कांदा, वांगी, नवी चप्पल, डॉक्टरांनी दिलेली गोळी, सगळं त्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय घरात येत नसे.

"पयलं कारण खोटं आसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा शेजाऱ्याचं करडू नाहीसं झालं. आमच्याकडे करडू नाहीसं झालं की बिबट्याचं नाव घ्यायचं, एवढं ठरलेलं आहे. पंचनाम्याची तयारी झाली, दोघातिघांनी तर बिबट्या पाहिलाही. मामा एकटेच उसाच्या कडेने वाकून वाकून फिरत राहिले आणि दुपारी येऊन म्हणाले, "चप्पल घालणारा बिबट्या हाय. उजवी टाच झिजलीय त्येची." करडू शेजाऱ्याच्याच मेव्हण्याच्या गोठ्यात सापडलं. त्यानंतर शेजारी आणि मेव्हणा दोघंही मामांशी बोलेनासे झाले.

टीव्हीवर विमान अपघाताची बातमी लागली की मामा जेवण थांबवून बघत. पण निवेदक 'पायलटची चूक' म्हणाला की उठून टीव्ही बंद. "मेलेल्याच्या गळ्यात घातलेलं कारण लई नीट बसतं," म्हणत, "त्यो हालत न्हाई ना." मामींची मालिका त्यात बुडे, त्याची फिकीर त्यांना नसे.

नोकरी त्यांनी वेळेआधीच सोडली होती. ते तिथे असताना भर पावसात एक विमान उतरताना धावपट्टी ओलांडून पुढच्या नाल्यात गेलं. पायलट गेला, काही प्रवासी गेले. त्याच वर्षी मामा ट्रंक घेऊन गावी आले. विचारलं की सांगत, "मुंबईची हवा मानवंना." आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. त्यांचा नियम त्यांनाच लावून बघावा, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ते लोणीला माझ्याकडे आले. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चहाला हात न लावता म्हणाले, "त्या आमच्या विमानाचा रिपोर्ट नेटवर घावतो म्हणं. हुडक आन् मला मराठीत वाचून दाखव."

लॅपटॉपवर रिपोर्ट सापडला. तो दोघांच्या मध्ये ठेवून मी वाचू लागले. विमान जास्त उंचावरून आणि जास्त वेगात आलं. अर्धी पट्टी मागे पडल्यावर चाकं टेकली. पट्टीवर पाणी साचलेलं, वारा पाठीमागचा. पायलटने विमान पुन्हा वर घ्यायला हवं होतं, ते घेतलं नाही. मामा दर वाक्याला अडवत. "पाणी का साचलं? गटार कुणाच्या ताब्यात व्हतं?" "वारा फिरला त्ये त्याला येळंवर कुणी सांगितलं न्हाई?" मला वाटलं, आज पुन्हा कुणाचं तरी करडू सापडणार.

मग ते "आता चाकांचं वाच," म्हणाले. मी पानं शोधत होते तेवढ्यात त्यांनीच सांगायला सुरुवात केली. "त्या दिशी सकाळी त्येच विमान माझ्याकडं तपासायला आलं, तवा खाच मोजायचं गेज दुसऱ्याकडं व्हतं. तीन नंबरच्या चाकावर मी नुसता अंगठा फिरवला. खाच हाय म्हणलं आन् केली सही. खाच कमी आसली की चाक पाण्यावर घसरतं, पोरी. चौकशीत इचारलं, गेज लावलं व्हतं का. लावलं म्हणलो."

पान सापडलं होतं. एक, दोन आणि चार नंबरच्या टायरच्या खाचा पुरेशा होत्या. तीन नंबरचा टायर आगीत जळाला, त्याची खाच मोजता आली नाही. एवढंच. दोषी नाही आणि निर्दोषही नाही. शेजारी मामा बसले होते, दोन्ही अंगठे मुठीत दाबून. मला त्यांची इतकी दया आली की मी मोठ्याने वाचलं, "चारही टायरच्या खाचा पुरेशा होत्या."

"परत वाच."

मी परत वाचलं, अजिबात न अडखळता. पोरांचं खोटं पकडण्यात माझी हयात गेली आहे, त्यामुळे ते कसं बोलायचं नसतं हे मला चांगलं ठाऊक.

"लिवून दे मराठीत," ते म्हणाले. "खाली सही कर."

मी वहीचं पान फाडलं, लिहिलं, सही केली. त्यांनी कागद डोळ्यांशी नेला आणि बराच वेळ धरला. वाचता येत होतं की नव्हतं, कोण जाणे. पण ज्या माणसाने नोकरीभर इंग्रजी फॉर्म भरले, त्याला स्क्रीनवरचा तीनचा आकडा तेवढा दिसला नसेल, यावर माझा आता विश्वास बसत नाही. मामा गेल्या श्रावणात गेले, त्यामुळे विचारायची सोय उरली नाही. तो कागद माझ्याकडेच आहे. त्यांनी तो घडी घालून माझ्याच हातात ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"माझीबी सही अशीच व्हती, पोरी," ते म्हणाले. "कुणाचं वाईट चिंतून न्हवती केली."