भूकंपाचं प्रकरण

आमच्या जिल्ह्यात समीक्षक म्हणजे शाल घेऊन चांगलं बोलणारा माणूस. शाल आधी मिळते आणि बोलायचं नंतर असतं, त्यामुळं वाईट बोलणं अवघड जातं. मी धाराशिवच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. एम.ए.चा समीक्षेचा पेपर माझ्याकडं आहे. शाली बऱ्याच जमल्यात. बायको त्या नात्यातल्या लग्नांत देऊन टाकते.

सास्तूरहून एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला, तेव्हा उन्हाळा नुकता लागला होता. ते गावातलं वाचनालय चालवतात. त्यांच्या गावच्या एका बाईंनी आत्मकथन लिहिलं होतं आणि त्याचं प्रकाशन ठरलं होतं. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त.

"पुस्तकावर तुम्ही बोलायचं सर," मुख्याध्यापक म्हणाले. "भूकंपाचं पुस्तक आहे, त्यामुळं बोलायला काही अवघड नाही."

पुस्तक आलं, ते मी वाचलं. बाईंचं माहेर भूमचं. लग्न होऊन त्या सास्तूरला आल्या आणि वर्ष-दीड वर्षात भूकंप झाला. नंतरची काही वर्षं सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. ती पानं मला फार आवडली. एका शेडमधलं घोरणं तिसऱ्या शेडमध्ये ऐकू जायचं. शेजारची बाई नळावर रोज भांडायची, रोज जिंकायची, आणि जिंकली की हरलेलीच्या घागरीत निम्मं पाणी ओतायची. पेन्सिलीनं किती रेघा ओढल्या त्याला हिशेब नाही.

मधोमध भूकंपाचं प्रकरण होतं. त्यात मी एकही रेघ ओढली नाही. काळानं झोपेत घाला घातला होता, निसर्गानं रौद्र रूप धारण केलं होतं आणि क्षणार्धात होत्याचं नव्हतं झालं होतं. बाईंची वाक्यं एरवी आखूड असतात. इथं ती एकाएकी लांब आणि गुळगुळीत झाली होती. पलीकडच्या शेडमधलं घोरणं ऐकणाऱ्या बाईला घर पडल्याचा आवाज कसा तो ऐकूच आला नव्हता.

"मग काय बोलणार?" बायकोनं विचारलं.

"वाटलं ते."

"सास्तुरात जाऊन भूकंपाला नावं ठेवणार?"

"भूकंपाला नाही. प्रकरणाला."

"मग घरून जेवून जा," ती म्हणाली. "तिथं वाढतील की नाही सांगता येत नाही."

मी जेवून गेलो.

कार्यक्रम वाचनालयाच्या हॉलमध्ये होता आणि हॉल भरला होता. पुढं म्हातारी माणसं बसली होती. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी भूकंपात गेलेलं, हे मला येताना रिक्षावाल्यानं न विचारता सांगितलं होतं. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. मुख्याध्यापक अध्यक्ष होते. त्यांनी भूकंपाच्या प्रकरणातला एक उतारा वाचला आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मग माझं नाव पुकारलं.

शेडमधल्या आयुष्याबद्दल मी बराच वेळ बोललो. जितका वेळ काढता येईल तितका काढला. मग म्हणालो, "पुस्तकातलं सगळ्यांत कच्चं प्रकरण भूकंपाचं आहे. ते बाईंच्या भाषेत नाही. वर्तमानपत्राच्या भाषेत आहे."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांचे पदर खाली घेतले.

दुसऱ्या रांगेतले एक आजोबा काठी टेकवत उभे राहिले. "सर, तुमच्या घरचं कोन गेलं व्हतं का त्यात?"

"नाही."

"मंग?"

समीक्षेच्या पेपरात बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. 'मंग?' याचं नाही. मुख्याध्यापक अनुभवी होते. ते लगबगीनं आले आणि म्हणाले, "सरांनी अत्यंत मौलिक मार्गदर्शन केलेलं आहे, टाळ्या वाजवा." टाळ्या वाजल्या. त्या सुटका झाल्याच्या होत्या.

तेवढ्यात बाई उठल्या. त्यांचं बोलणं शेवटी होतं, पण त्या माईकपाशी आल्या.

"सरांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "ते प्रकरण माझं नाही. मी त्या रात्री गावात नव्हते. पहिल्या बाळंतपणाला भूमला गेले होते. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

मी हॉलकडं पाहिलं. खरंच सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. पुस्तकात मात्र 'मी' ढिगाऱ्याखालून येणाऱ्या हाका ऐकत होते, 'मी' धुळीत उभी होते, आणि ते वाचून सगळं गाव रडलं होतं.

"छापणारे म्हणाले, सास्तूरच्या बाईचं पुस्तक आणि त्यात भूकंप नाही, हे कसं चालंल? मग मी जुनी कात्रणं काढली, ऐकलेलं आठवलं आणि लिहिलं. आता तर मलाच कधी कधी वाटतं, मी तिथं होते. नाकात धूळ गेल्यासारखी वाटते." त्या माझ्याकडं वळल्या. "सर, ती धूळ खोटी म्हणायची का?"

भाषा स्मृती घडवते, असं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आलोय. मुलं लिहून घेतात, पेपरात उतरवतात, मी मार्क देतो. हॉलमध्ये मात्र मला ते वाक्य आठवलं नाही. "मला सांगता येणार नाही," एवढंच म्हणालो. त्यानंतर आभार मानले गेले. जेवण होतं आणि मलाही वाढलं. शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

लोहाऱ्यापर्यंत सोडायला बाईंचे मालक मोटारसायकल घेऊन आले. ते शेती करतात. कार्यक्रमात ते मागं दाराशी उभे होते. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावच्या सरळ गल्ल्या संपल्या. मग गाडी हळू करून म्हणाले, "सर, त्या प्रकरणात म्या रडतोय. आईच्या नावानं हाका मारीत रडतोय."

"हो, वाचलं."

"म्या तवा रडलो न्हाय. म्हैस शोधत हिंडलो."

त्यांनी गाडी आणखी हळू केली.

"दावं तोडून पळाली व्हती. आई आन् धाकटा भाऊ आत, लोक दगडं उचलाया लागले, आन् म्या म्हशीमागं. ऊन चढस्तोवर हिंडत व्हतो. का ते अजून कळंना. हिला कधी सांगितलं न्हाय. लोक काय म्हणतील?"

"मला सांगितलंत."

"तुमी परगावचे," ते म्हणाले. त्यात तथ्य होतं. "आन् ते प्रकरण खोटं हाय, हे तुमास्नी न सांगता कळलं."

बसस्टँडवर उतरताना मी म्हणालो, "बाईंना सांगा." त्यांनी मान हलवली. ते हो होतं की नाही, हे मला कळलं नाही.

पावसाळ्यात बाई धाराशिवला आल्या. त्यांचं ट्रेझरीत पेन्शनचं काम होतं, ते उरकून घरी आल्या. पिशवीतून ताव काढून टेबलावर ठेवले. "नवीन लिहिलंय. वाचून खरं ते सांगा. तुम्हाला सवय आहे."

बायकोनं त्यांना चहा दिला आणि मी तिथंच वाचायला बसलो.

भूमला त्या पहाटे भांडी थोडी वाजली होती. मांजर असेल म्हणून सगळे पुन्हा झोपले. सकाळी भावानं रेडिओ लावला, ऐकला आणि त्यातले सेल काढून खिशात टाकले. दिवस भरलेल्या बहिणीला कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं. रेडिओ बिघडलाय म्हणाले. त्या दिवसापासून सगळे फार गोड वागायला लागले. आई रोज शिरा करायची. कित्येक वर्षं अबोला धरलेली चुलती आली आणि डोक्याला तेल लावून गेली. पुढचं वाक्य असं होतं: 'एवढे लाड बघून मला वाटलं, डॉक्टरांनी यांना सांगितलंय, मी बाळंतपणात मरणार.' मरायच्या तयारीनं त्या बाळंत झाल्या आणि जगल्या. मुलगी झाली. काही दिवसांनी नवरा बाळ बघायला आला. त्यानं टोपी काढली. डोक्याचं मुंडण केलेलं होतं. 'मी विचारलं, कोण? ते म्हणाले, आई. आणि धाकटा. मग त्यांनी बाळाला घेतलं.'

त्यापुढं एकच पान होतं, म्हशीचं. मालकांनी सांगितलं होतं तर.

मी ताव खाली ठेवले. चष्मा पुसायची गरज होती, तो पुसला.

"कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"चांगलं आहे," मी म्हणालो. आयुष्यभर मुलांना सांगत आलो की 'चांगलं आहे' ही समीक्षा नव्हे. मग कामाचं म्हणून एका ठिकाणी 'अश्रू' होतं, तिथं 'पाणी' करायला सांगितलं. त्यांनी केलं.

"म्हशीचं छापायला त्यांची परवानगी आहे?"

"विचारलं. म्हणाले, छाप, पण म्हैस गाभण होती तेही लिही. उगंच गेलो नव्हतो."

छापणाऱ्यांनी कुरकुर केली. भूकंपाच्या प्रकरणात भूकंपच राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी दुसऱ्या आवृत्तीत नवं प्रकरण गेलं. दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी वाचनालयात त्याचं वाचन ठेवलं. मला बोलावलं, पण बोलायला नको म्हणाले, नुसतं या. शाल मात्र दिली.

बाईंनी सगळं प्रकरण वाचलं. शिऱ्याच्या जागी बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. म्हशीचं पान आलं तेव्हा मालक दाराशी उभे होते. ते बाहेर गेले नाहीत. कुणी मागं वळूनही पाहिलं नाही, हे मला त्या गावाचं विशेष वाटलं. वाचन संपलं. टाळ्या वाजल्या नाहीत.

मागच्या वेळचे आजोबा काठी टेकवत उठले. या खेपेला ते माझ्याकडं बघत नव्हते. "आमी काय केलं ठावं हाय का?" ते म्हणाले. "घर समदं पडलं व्हतं. दार तेवढं उभं. म्या त्याला कुलूप लावलं. आन् किल्ली करदोट्याला बांधली."

कुणीतरी हसलं. मग एक म्हातारी बसल्या जागेवरूनच म्हणाली की तिनं सकाळी ढिगाऱ्यापुढं सडा घातला होता, रोज घालायची म्हणून. तिच्या शेजारणीनं मध्येच तोडून स्वतःचं सुरू केलं. मागून कुणीतरी "मोठ्यानं बोला" म्हणालं. मुख्याध्यापकांनी आभारासाठी दोनदा माईक हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा घेतला, तेव्हा त्यांनी स्वतःचंच सांगायला सुरुवात केली.