धुळाप्पाचं पिवळं पाणी

नळदुर्गाच्या आसपासच्या गावांत कुणाचे डोळे पिवळे दिसले की लोक वैद्याकडं जात नसत, धुळाप्पाच्या ओट्यावर जात. राज्य निजामाचं होतं, सोलापूरच्या सडकेनं मोटारी धावू लागल्या होत्या, नळदुर्गात सरकारी दवाखानाही होता. पण कावीळ म्हटली की धुळाप्पाच. सोमवारी सकाळी तो रोग्याला पूर्वेकडं तोंड करून बसवायचा, त्याच्या तळहातांना आंब्याच्या सालीचा रस चोळायचा, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा आणि वरून चुन्याच्या निवळीची धार धरायचा. हातांवरून पिवळंजर्द पाणी परातीत पडायचं. बघणारे ‘शिवा शिवा’ म्हणत हात जोडायचे. कावीळ उतरली!

विद्या बापाकडून आली होती, आणि कुणाला सांगणार नाही असं वचन घेऊन बापानं मरताना त्यातलं गुपितही सांगितलं होतं. साल आणि चुना भेटले की पाणी पिवळं होतंच, मग हात कुणाचा का असेना. “पर लोकांस्नी धीर येतो,” बाप म्हणाला होता. “तेल-तूप तोडायला सांगायचं, पडून ऱ्हायला सांगायचं. बहुतेक आपसूक बरी व्हत्यात.” जे बरे होत नाहीत त्यांचं काय, ते बाप बोलला नाही. बापांची हीच खोड, सोयीचं तेवढं सांगून डोळे मिटतात.

ते बरे न होणारे कोण, हे धुळाप्पाला रोगी बघून बघून कळलं. ज्यांना परसाकडला खडूसारखं पांढरं होतं आणि अंगाला खाज सुटते, त्यांना त्याच्या पाण्याचा उपयोग नसायचा. अशांना तो दवाखान्याची वाट दाखवायचा. पण जातो कोण? “तुमचा हात असताना दवाखाना कशाला, धुळाप्पा?” असं म्हणून ते दुसऱ्या सोमवारी पुन्हा ओट्यावर हजर. त्यातले काही गेले. धुळाप्पा त्यांच्या मातीला जायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही.

पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हेच दुखणं त्याच्या घरात शिरलं. त्याची बायको शिवम्मा तूप घालून पुरणपोळी जेवली आणि संध्याकाळी उजव्या बरगडीखाली कळ धरून लोळू लागली. चार दिवसांत डोळे पिवळे झाले. लघवी काळपट, अंगाला खाज. धुळाप्पानं रोग्याला विचारायचा तोच प्रश्न तिला विचारला. तिनं मान खाली घालून सांगितलं, “पांढरं व्हतंय.”

धुळाप्पानं पायताण चढवलं. तो तसाच नळदुर्गाच्या दवाखान्यात गेला. तिथले डॉक्टरसाहेब हैदराबादचे, माणूस सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पित्त जिगर में बनता, मियाँ. दिन-रात बनता. बाजू में छोटी थैली है, उसमें जमा होको गाढा होता.” तेलातुपाचं पोटात गेलं की ती पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात उतरतं. तिथं त्याचं रूप थोडं पालटतं, विष्ठेला रंग येतो तो त्यातूनच. पण पित्त फुकट जात नाही. काम झालं की बहुतेक सगळं रक्तातून पुन्हा जिगरात, म्हणजे यकृतात, परततं आणि पुन्हा कामाला लागतं, दिवसातून कैक फेऱ्या. “अब नली में पत्थर अटक गया. पित्त आँत में उतरताच नहीं, लहू में चढता. सोलापूर ले जाव. चीरको निकालना पडता. देर नको करो.”

धुळाप्पाला ते लख्ख पटलं. पाटाच्या तोंडाशी धोंडा अडकला तर पाणी रानात जात नाही, पाट फुटतो. एवढंच तर होतं. पण शिवम्माला कोण पटवणार?

“सोलापूरला?” ती उसळली. “पोट फाडून घ्यायला? अवो, समद्या मुलखाची कावीळ तुमी उतरवता, आन् माझीच न्हाय?”

“ही ती कावीळ न्हाय, शिवे.”

“तुमी आधी पाणी घाला. सोमवार हाय.”

त्यानं पाणी घातलं. परात पिवळी झाली आणि ती समाधानानं निजली. दुसऱ्या सोमवारीही तेच. तोवर तिच्या गालांची हाडं वर आली होती आणि खाजवून खाजवून दंड सोलवटले होते. धुळाप्पाचा धीर सुटला. बापाला दिलेलं वचन गेलं खड्ड्यात, असं म्हणून त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. साल काय, चुना काय, मंतर काय. तिला खोटं वाटू नये म्हणून तिच्यासमोर स्वतःच्या धडधाकट हातांना रस चोळला आणि निवळी ओतली. पिवळंजर्द पाणी परातीत पडलं.

“बघितलंस? मला काय कावीळ झालीया?”

शिवम्मानं परातीत वाकून बघितलं. मग तिचे डोळे भरून आले. “अगं बाई गं! लोकांची कावीळ उतरवून उतरवून किती साठलीया तुमच्या अंगात!”

धुळाप्पानं कपाळावर हात मारून घेतला. त्याला तिचा राग आला, बापाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या यशस्वी हातांचा आला. खरं सांगून बायको मरणार होती. मग त्यानं तिला पटेल असंच बोलायचं ठरवलं.

“ऐक,” तो म्हणाला. “घरच्या माणसाची कावीळ हितं उतरत न्हाय. उतरवली की घरातच फिरती. तिला शिवंपल्याड सोडावी लागती.”

गावातली रोगराई शिवेबाहेर नेऊन टाकायची, ही रीत शिवम्मानं लहानपणापासून पाहिली होती. “मग चला की शिवंवर,” ती उठूनच बसली.

“गावाची शीव पुरत न्हाय. निजामाची शीव वलांडाय पायजे. सोलापूरचा डाक्टर तितं हात लावंल, मी बाजूला बसून मंतर म्हणंन.”

“आवं, मग हे आधी न्हाय का सांगायचं!” शिवम्मा करवादली आणि लुगडं बदलायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी मोटार करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर थांबली. शिपायानं बोचकी तपासली, रस्त्यातली आडवी फळी वर गेली, पलीकडं इंग्रजांचा मुलूख लागला आणि शिवम्मानं मागं वळून हद्दीला हात जोडले. सोलापुरात तिचं पोट उघडून डॉक्टरांनी हरभऱ्याएवढा खडा काढला. पंधरवड्यानं तिला परसाकडला रंग आला, तेव्हा धुळाप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

घरी आला तर ओटा भरलेला. शिवम्मानं वेशीपासूनच सांगायला सुरुवात केली होती. धुळाप्पाच्या मंतरानं कावीळ गोठून खडा झाली, डॉक्टरनं नुसता उचलला. खरं काय ते धुळाप्पाला ठाऊक होतं. कुणाकुणाला सांगणार? पण त्यातूनही त्यानं एक सोय पाहिली. पांढरं होणारा रोगी आला की तो आधी पाणी घालायचा, नाहीतर कुणी ऐकतच नसे, आणि मग सांगायचा, “एवढी उतरली. बाकीची निजामाच्या हद्दीपल्याड.” लोक मुकाट्यानं सोलापूरची मोटार धरायचे. त्यातले बरेच परत आले. खोट्याचा का होईना, धुळाप्पाला त्यात आधार वाटायचा.

मग रझाकारांचा दंगा झाला, मोटारी बंद पडल्या, आणि अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौजा आल्या. निजामाचं राज्य गेलं. नाक्यावरची फळी कुणीतरी जळणाला नेली. गावात पेढे वाटले, धुळाप्पानंही खाल्ला.

त्यानंतरच्या एका सोमवारी शेजारच्या गावचा ईरण्णा बायकोला गाडीत घालून घेऊन आला. चन्नम्मा तिचं नाव. हळदीसारखी पिवळी, दंड सोलवटलेले. धुळाप्पानं नेहमीचा प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून पाणी घालायलाही न थांबता म्हणाला, “ही हितं उतरायची न्हाय. सोलापूरला न्या. हद्दीपल्याड.”

ईरण्णा हसला. “हद्द कुठं ऱ्हायली आता, धुळाप्पा? निजाम गेला की! आता हितलं काय आन् सोलापूरचं काय, समदं एकच मुलूख. घाला पाणी, म्हंजी आमी घरला जातो.”

“आरं, आत खडा आसतो. पित्ताची वाट बंद झालीया. डाक्टर लागतो,” धुळाप्पा ओरडला. “ह्या पाण्यात काय न्हाय! साल हाय आन् चुना हाय!”

ईरण्णानं समजुतीनं मान हलवली. थोर माणसं आपला मोठेपणा असाच लपवतात. आतून शिवम्मानं परात आणून ठेवली, निवळीचा तांब्या नवऱ्याच्या हातात दिला. चन्नम्मानं तोवर पूर्वेकडं तोंड करून दोन्ही हात पुढं धरले होते.